जुनी शेड पाडताना अ‍ॅस्बेस्टॉस: टेंडरमध्ये नेमक्या कोणत्या अटी घालाव्यात?

कौलारू

एमआयडीसीतली जुनी शेड पाडून त्या जागी नवी बांधायची आहे. पाडकामाच्या टेंडरचा मसुदा हाती आला, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल एकच ओळ: "अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त साहित्य प्रचलित नियमांनुसार हाताळण्यात यावे." कोणते नियम, कोण हाताळणार, कुठे टाकणार, काहीच नाही. जागेवर काय आहे ते सांगतो.

सुमारे ८,००० चौ. फूट छपराला नालीदार सिमेंट पत्रे, लोखंडी कैच्यांवर (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे). त्याच प्रकारचे पावसाळी पाइप. मागे बंद पडलेले बॉयलर हाउस, त्यातल्या वाफेच्या पाइपांना पांढरट लेप आणि वर कापड गुंडाळलेले. पॅनल रूममध्ये राखाडी बोर्ड. पुढे दोन मजली ऑफिस, आत विटा आणि प्लायची पार्टिशन.

जाणकारांनी अटी सुचवाव्यात. जनरल "काळजी घ्या" नको, टेंडरमध्ये उतरवता येईल असे हवे.

सेफ्टीपिन

त्या एका ओळीवर ठेकेदार खुशाल सही करेल, कारण ती त्याला कशालाच बांधत नाही.

आपल्याकडे या विषयावर कायदा नाही असे नाही. तो तुकड्यातुकड्यांत आहे आणि पाडकामाच्या नेमक्या जागी फट आहे. कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉस हाताळण्याचे नियम कारखाना कायद्याखाली आले, ते पत्रे बनवणाऱ्या कारखान्याला डोळ्यांसमोर ठेवून. सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५चा निकाल आहे: कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, यातले जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. कचऱ्याची बाजू घातक कचरा नियम २०१६ मध्ये आहे, अनुसूची १ मधील नोंद १५.२, टाकून दिलेला अ‍ॅस्बेस्टॉस. मानक ब्यूरोचे आयएस ११७६८ (कचऱ्याची विल्हेवाट), आयएस ११७६९ भाग १ (सिमेंट उत्पादनांचा सुरक्षित वापर), आयएस ४१३० (पाडकामाची सुरक्षा) हेही आहेत. पण मानके आपोआप कुणालाही बांधत नाहीत. टेंडरमध्ये क्रमांकासह लिहिली तर ठेकेदाराला बांधतात.

फट अशी की इमारत पाडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉस शोधा, त्याची यादी करा आणि अमुक दिवस आधी प्राधिकरणाला कळवा, असा थेट टप्पा आपल्या परवानगीच्या वाटेवर कुठेच येत नाही. अमेरिकेत तो आहे. तिथे पाडण्यापूर्वी तपासणी सक्तीची आणि किमान १० कामाचे दिवस आधी लेखी सूचना. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी २५ आणि ३५ फुटी पत्र्याचे कुंपण, ओले हिरवे कापड वगैरे सांगितले. ते सिमेंट-मातीच्या धुळीसाठी ठीक, अ‍ॅस्बेस्टॉसचा बारीक तंतू हिरव्या जाळीतून आरामात निघून जातो.

म्हणजे जे काम नियमाने करायला हवे ते तुमच्या टेंडरला करावे लागणार.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू आहेत, बांधकाम कामगार कायदा आणि कारखाना कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले. जुन्या टेंडरमधून कलमे उचलून चिकटवू नका. "त्या वेळी लागू असलेली संहिता व तिच्याखालील नियम" असे लिहा आणि तांत्रिक अटी स्वतःच्या शब्दांत घाला.

मोरपंखी

आमच्या सोसायटीची पार्किंग शेड २००६ची आहे. इतकी नवी असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस नसेल ना?

पर्लिन

मोरपंखी, भारतात सालावरून काहीही ठरत नाही. इथे खाणकामाचे नवे पट्टे १९८६ नंतर थांबले, पण पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल आयात होत राहिला आणि पत्रे बनत राहिले. ब्रिटनमध्ये १९९९ नंतरची इमारत म्हटली की पुष्कळ प्रश्न सुटतात. आपल्याकडे २००६ काय, २०१६चा पत्राही तसाच असू शकतो. पत्र्यावर आयएस ४५९ असा छाप दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचाच, ते मानकच त्याचे आहे. छाप पुसला असेल तर नुसत्या नजरेने सांगता येत नाही, कारण बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे फायबर सिमेंट पत्रेही त्याच नालीचे आणि त्याच रंगाचे मिळतात. प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर "आहे" असे धरून चालायचे.

कौलारू, तुमच्या टेंडरची पहिली अट सर्वेक्षणाची. ते मालकाने स्वतंत्र माणसाकडून करून घ्यायचे. पाडकाम ठेकेदाराकडे दिलेत तर तो छपराचे लिहील आणि पॅनल रूम विसरेल. पाडकामाचे सर्वेक्षण तोडफोड करून करावे लागते: फॉल्स सीलिंगच्या वर, डक्टच्या आत, पाइप भिंतीतून जातो ती भोके, दारांच्या आतले भरण. शोधायच्या जागा: पत्रे, कोन (रिजचे तुकडे), पावसाळी व व्हेंट पाइप, छपरावरच्या टाक्या, धुराड्याचे पाइप, बॉयलरच्या दारातली दोरी, फ्लॅंजमधले गॅस्केट, पाइपचा लेप, पॅनलमागचे बोर्ड, फायर डोअर, जुन्या विनाइल फरश्या. आणि तुमचे ते ऑफिसमधले "प्लाय". मुंबई-ठाण्याकडे जहाजातून निघालेले पॅनल पार्टिशनला सर्रास वापरले गेले आहेत. एक पॅनल उघडून गाभा बघा.

नमुना घेताना: मास्क लावून, जागा साबणपाण्याने ओली करून, कडेचा २-३ सेंमीचा तुकडा पक्कडीने मोडायचा. कानस, ड्रिल नाही. तुकडा दोन झिप पिशव्यांत, एकात एक. तुटलेल्या कडेवर रंग किंवा पुट्टी. लेपाचा नमुना वरवर खरवडून चालत नाही, आरपार पाइपपर्यंतचा गाभा हवा, कारण दुरुस्तीच्या वेळी वरचा थर बदललेला असतो आणि खालचा जुनाच राहतो. चाचणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने. अहवालात क्रायसोटाइल, अमोसाइट की क्रोसिडोलाइट हा प्रकार वेगळा लिहून मागा, नुसते "पॉझिटिव्ह" नको.

घण

राव, पत्रा म्हणजे सिमेंट. त्यात तंतू आठ-दहा टक्के, तेही घट्ट बांधलेले. लेपाचे समजू शकतो, पण पत्रे उतरवायला एवढे सोपस्कार म्हणजे अति होतंय. दर दुप्पट होईल आणि कोणी टेंडर भरणार नाही.

पर्लिन

घण, "घट्ट बांधलेला" हे अखंड पत्र्याबद्दल खरे आहे. तो बोल्ट सोडवून, ओला करून, न मोडता खाली आला तर हवेत फार काही जात नाही, म्हणून तर पत्र्यासाठी प्लास्टिकचा बंद तंबू उभारायला कुणी सांगत नाही. पण साइटवर प्रत्यक्षात काय होते? गंजलेला बोल्ट फिरत नाही, मग ग्राइंडर निघतो आणि बोल्टबरोबर पत्राही कापला जातो. ब्रिटनच्या जुन्या मार्गदर्शक आकड्यांत घासून कापणाऱ्या चकतीने पत्रा कोरडा कापताना १५ ते २५ तंतू प्रति मिली येतात. तिथली कामाची मर्यादा ०.१ आहे, म्हणजे दीडशे ते अडीचशे पट. त्याच पत्र्याबाबत एवढा फरक फक्त हत्याराने पडतो.

दुसरी जागा जेसीबी. पत्र्यासकट कैची खाली ओढायची आणि बकेटने चुरायची. मग तो चुरा काँक्रीटच्या राडारोड्यात मिसळतो आणि वेगळा काढता येत नाही. तुमच्या छपराचा साधारण ११ टन पत्रा सगळा डेब्रिज दूषित करून ठेवतो.

हिशेबी

दराचा मुद्दा घण यांनी काढला म्हणून. आपल्याकडे पाडकामाचा व्यवहार उलटा असतो: ठेकेदार मालकाला पैसे देतो, कारण लोखंड, कैच्या, पर्लिन (कैच्यांवरचे आडवे दांडे, ज्यांवर पत्रा बसतो), दारे, केबल यांचे भंगार त्याचे. सिमेंट पत्रे त्या एकरकमी आकड्यात बसलेले असतात. अखंड पत्रा गोठ्याला किंवा टपरीला विकला जातो, फुटका रात्री नाल्याकडेला जातो. त्यामुळे एकरकमी बोली ठेवलीत तर बाकी अटी कितीही लिहा, ठेकेदाराचा फायदा पत्रा गायब करण्यातच राहतो.

म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस भंगाराच्या बोलीतून पूर्ण बाहेर काढा. तीन वेगळ्या बाबी करा: पत्रे उतरवणे व गुंडाळणे (दर चौ. मीटर), लेप काढणे (दर धावता मीटर, पाइपच्या व्यासानुसार), वाहतूक व विल्हेवाट (दर टन), आणि ही तिसरी बाब फक्त विल्हेवाट केंद्राच्या काटापावतीवर (वजनकाट्याची पावती) देय. पत्र्याची पुनर्विक्री केल्यास दंड, तोही दर पत्र्यामागे रक्कम लिहून.

तुमचा अंदाज काढून ठेवतो, म्हणजे काटापावती जुळवता येईल. ८,००० चौ. फूट म्हणजे ७४३ चौ. मी. तीन मीटरचा पत्रा १.०५ मी. रुंद, लॅप सोडून साधारण २.९ चौ. मी. झाकतो. उतार धरून २७० च्या आसपास पत्रे. ६ मिमीचा एक पत्रा ४०-४२ किलो, म्हणजे ११ टनांच्या वर. पावसाळ्यात भिजलेला असेल तर थोडा जास्त. पावती ७ टनांची आली तर उरलेले पत्रे कुठे गेले हे विचारायचे.

कौलारू

हे सोन्यासारखे आहे. आमच्या मसुद्यात सगळे एकरकमीच आहे, "सर्व साहित्य ठेकेदाराच्या मालकीचे". बदलतो.

पत्रे उतरवण्याची पद्धत कुणी क्रमाने सांगेल का? ठेकेदाराकडून मेथड स्टेटमेंट (काम कसे करणार ते लिहून देणारा कागद) मागवायचे तर त्यात काय असलेच पाहिजे ते कळायला हवे.

पर्लिन

लांब होईल, पण एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात आधी पडणे. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार १०-४० वर्षांनी येतो, पत्र्यातून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. जुना पत्रा सूचना न देता फुटतो. "बोल्टच्या रेषेवरून चाला, खाली पर्लिन आहे" हा सल्ला साइटवर हमखास ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे, पाय घसरला की संपले. शक्य असेल तिथे काम खालून करा: पहाड (परांची) किंवा सीझर लिफ्टवर उभे राहून. वर जावेच लागले तर ६०० मिमी रुंद फळ्या, किमान तीन पर्लिनवर टेकलेल्या, दोन संच, म्हणजे एकावर उभे राहून दुसरा सरकवता येतो. खाली जाळी. फुल बॉडी हार्नेस आयएस ३५२१ चा, लाइफलाइन कैचीला बांधलेली, गंजलेल्या पर्लिनला नव्हे.

मग आतली जागा रिकामी करायची. राहतील त्या वस्तू आणि जमीन प्लास्टिकने झाकायची. छपराच्या कडेपासून थोडे अंतर सोडून दोरी व फलक, आत फक्त कामाची माणसे.

पाणी. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप, शेतीचा चालतो, नोझल बारीक तुषाराचे. १० लिटरला साधारण १५ मिली लिक्विड साबण, कारण नुसते पाणी तंतूवरून ओघळते, साबणाचे आत मुरते. पत्र्याच्या दोन्ही बाजू, आणि खालच्या बाजूला बोल्टभोवती जास्त. पण छप्पर ओले केले की शेवाळ निसरडे होते. त्यामुळे वर माणूस असेल तेव्हा त्याच्या पुढचीच पट्टी भिजवायची. प्रेशर वॉशर अजिबात नाही, तो पृष्ठभागावरचा सुटा थर उडवून आजूबाजूच्या भिंतींवर आणि गटारात नेऊन बसवतो.

बोल्ट. जे-हुकच्या नटावर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल. फिरला तर पाना, नाही फिरला तर लांब दांड्याचा बोल्ट कटर. ८ मिमीचा गंजलेला बोल्ट २४ इंची कटरने तुटतो. खालून काम असेल तर पत्रा आणि पर्लिन यांच्यामधल्या दांडीवर कटर लावता येतो, पत्र्याला धक्काच लागत नाही. डांबरी वायसर पत्र्याला चिकटून बसलेले असतात, ते उचकटायचे नाहीत, पत्र्याबरोबरच जाऊ द्यायचे.

क्रम बसवण्याच्या उलटा. आधी कोन, मग वरच्या ओळीपासून खाली. आडव्या दिशेने पाहिले तर पत्रे वाऱ्याच्या पाठीकडच्या टोकापासून वाऱ्याच्या दिशेने बसवत नेतात, म्हणून सगळ्यात वरचा लॅप वारा येतो त्या टोकाला असतो. आपल्याकडे बहुधा नैर्ऋत्य-पश्चिम बाजूला. सुरुवात तिथून. चुकीच्या टोकाने सुरू केले की पत्रा दुसऱ्याखाली अडकतो आणि कोपरा मोडतो. ही एवढी गोष्ट पाळली तरी तुटफूट बरीच कमी होते.

खाली आणणे. दोन माणसे आणि दोरी, किंवा पॅलेटवर ठेवून हायड्रा क्रेनने. घसरवायचा नाही, टाकायचा नाही. एकावर एक घासत ओढायचा नाही, उचलून ठेवायचा.

गुंडाळणे. ३ मीटरच्या लाकडी पॅलेटवर १५ पत्र्यांची एक थप्पी, सुमारे ६३० किलो. पत्रे ओले असतानाच प्लास्टिकचे दोन थर, सांधे टेपने बंद. २५० मायक्रॉन (बाजारात १००० गेज) उत्तम, १५० च्या खाली जाऊ नका, कोपरे फाडतात. तुमच्या १८ थप्प्यांना अंदाजे ४५० चौ. मी. लागेल, २५० मायक्रॉनमध्ये १०५ किलोच्या आसपास. प्लास्टिक किलोवर मिळते म्हणून सांगितले. फुटके तुकडे वेगळ्या दुहेरी पिशव्यांत, अर्ध्याच भरायच्या. पत्रे बसत नाहीत म्हणून मोडायचे नाहीत हे टेंडरमध्ये लिहा, कारण लहान टेम्पो आला की मोह होतो.

शेवटी पर्लिनच्या वरच्या फ्लॅंजवर आणि पन्हळीत वर्षानुवर्षांचा गाळ असतो, तो छपराचाच झिजलेला माल. ओला करून खरडायचा आणि पिशवीत भरायचा. कैच्या भंगारात जाण्याआधी ओल्या फडक्याने पुसलेल्या हव्यात. झाडू नाही.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून संपूर्ण बंदी आहे, तरी जुन्या घरांत "फायब्रो" भरपूर आहे. इथली रेषा टेंडरला उपयोगी पडेल: न कुसकरणारा माल १० चौ. मीटरपेक्षा जास्त असेल तर परवानाधारक लागतो, आणि हाताने कुसकरता येणारा कितीही थोडा असला तरी वरच्या वर्गाचा परवाना. मालाचे असे दोन भाग करणे महत्त्वाचे. कौलारूंच्या जागी पत्रे आणि पाइपचा लेप एकाच माणसाला एकाच पद्धतीने करू देऊ नका.

सेफ्टीपिन

मेलबर्नकर यांना +१. बॉयलर हाउस हे पूर्ण वेगळे काम आहे. वाफेच्या पाइपांच्या जुन्या लेपात अमोसाइट किंवा क्रोसिडोलाइट मिळू शकतो, तो बोटाने कुसकरतो. पत्र्याचे ओले करा-गुंडाळा इथे पुरत नाही.

मागायच्या अटी: खोलीला प्लास्टिकचे दोन थर, आत ऋण दाब (बाहेरपेक्षा कमी) किमान ५ पास्कल, त्यासाठी हेपा गाळणीचा (अतिबारीक कण अडवणारी) एक्झॉस्ट, तासाला किमान ८ हवाबदल. सुरू करण्याआधी आत धूर सोडून गळती बघायची. आत-बाहेर जायला तीन कप्पे. लेप सुया टोचून आतून भिजवायचा आणि मुरायला वेळ द्यायचा, वरून फवारलेले पाणी कापडावरून ओघळते आणि आत कोरडेच राहते. सुटा छोटा पाइप असेल तर ग्लोव्ह बॅग (पाइपाभोवती बांधायची, हातमोजे जोडलेली पिशवी). आणि जमत असेल तर सगळ्यात चांगले म्हणजे लेप न काढता, लेपासकट पाइप गुंडाळून, फक्त कापायच्या जागी एक फूटभर लेप काढून तुकडे करून नेणे. ठेकेदार लोखंडाच्या लोभाने नको म्हणेल, तेव्हा पाइपाच्या भंगाराची किंमत त्याच्या बोलीतून वजा करून द्या आणि विषय संपवा.

काम संपल्यावर हवेची तपासणी. ब्रिटनमध्ये तंबू काढण्यापूर्वी ४८० लिटर हवा गाळून ०.०१ तंतू प्रति मिलीच्या खाली यावे लागते. आपल्याकडे पद्धत आयएस ११४५० मध्ये आहे, मेम्ब्रेन फिल्टरवर गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. तपासणारा ठेकेदाराचा नसावा, त्याला पैसे मालकाने द्यावेत.

मास्क: कापडी, सर्जिकल, एन९५ यातले काहीच नाही. पत्र्यांसाठी एफएफपी३ किंवा पी१०० गाळणीचा हाफ मास्क. लेपासाठी पॉवर्ड रेस्पिरेटर, पूर्ण चेहरा झाकणारा. दाढी असेल तर हाफ मास्कची कड बसत नाही, मग तो कितीही महागाचा असो. प्रत्येक माणसावर फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची चाचणी. टाइप ५चा कव्हरॉल, टोपीसह, बाह्या हातमोज्यांवर टेप करून. गमबूट, नाड्यांचे बूट नाहीत, नाड्या साफ होत नाहीत. काढताना आधी एच क्लास व्हॅक्यूम किंवा ओले फडके, मग कव्हरॉल आतून बाहेर गुंडाळत, मास्क सर्वात शेवटी. कपडे घरी नेले तर तंतू धुणारीच्या छातीत जातात, म्हणून साइटवर आंघोळीची सोय ही अट पैशासकट लिहा. एप्रिल-मेमध्ये कव्हरॉलमध्ये माणूस तासाभरात गळतो आणि मास्क खाली ओढतो. काम सकाळी लवकर, पाळ्या छोट्या. हे वेळापत्रकातच नसेल तर बाकीचे कागदावरच राहील.

घण

ठीक, पत्र्याचा बोल्ट कटरवाला मुद्दा पटला. ग्राइंडर वापरला जातो हे खरंच आहे. पण तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात एवढं कोण नेणार? लहान शेडवाल्याला ट्रक परवडत नाही.

हिशेबी

तळोजे, महापे, रांजणगाव, बुटीबोरी. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची केंद्रे या भागांत आहेत, जवळचे निवडा आणि टेंडर काढण्याआधीच त्यांचे लेखी दरपत्रक व सदस्यत्वाच्या अटी मागवा. ठेकेदाराला शोधायला सांगितले की शेवटच्या आठवड्यात "केंद्र घेत नाही" असे उत्तर येते.

कागद कसे फिरतात ते सांगतो, कारण पेमेंट त्यावर बांधायचे आहे. पिशव्या-थप्प्यांना फॉर्म ८ चे लेबल. चालकाकडे फॉर्म ९, आपत्कालीन माहितीचे कार्ड. आणि फॉर्म १०, मॅनिफेस्ट म्हणजे मालासोबत फिरणारा नोंदीचा कागद, सात रंगांच्या प्रती: पांढरी मालक प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो, पिवळी मालकाकडे राहते, गुलाबी केंद्राकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी केंद्र मंडळाला पाठवते, निळी केंद्राकडून परत मालकाकडे येते, करडी दुसऱ्या राज्याची भानगड असेल तर. अनेक जण पिवळी प्रत हातात आली की बिल पास करतात. पिवळीवर फक्त "गाडीत भरले" एवढेच सिद्ध होते. माल पोचल्याचा पुरावा निळी.

साइटवर साठवण ९० दिवसांच्या आत. बंद जागेत, काँक्रीटवर.

लहान शेडवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. एकाच वसाहतीतल्या चार-पाच शेडच्या गुंडाळलेल्या थप्प्या एका फेरीत नेता येतील, पण प्रत्येकाचा मॅनिफेस्ट वेगळा भरायचा.

मोरपंखी

पार्किंगचा पत्रा चांगल्या अवस्थेत असेल तर काढायलाच हवा का? सोलर बसवायचा विचार आहे.

पर्लिन

अखंड, न भुरभुरणारा, वर कोणी चालत नाही असा पत्रा जागेवर राहिला तर चालतो. पण सोलर म्हणजे प्रत्येक क्लॅम्पला भोक, आणि वर पॅनल धुवायला माणसे चढणार. पॅनलचे आयुष्य पंचवीस वर्षे, खालच्या जुन्या पत्र्याचे तेवढे उरलेले नसते, मग सगळे पुन्हा उतरवा. आधी पत्रा बदला, मग सोलर. वरून रंगीत लोखंडी पत्रा चढवण्याचा सल्लाही मिळेल. त्यातही स्क्रू खालच्या पत्र्यातून जातात, शिवाय जुन्या पर्लिनवर चौ. मीटरला साडेचार किलोच्या आसपास भर. पर्लिनची जाडी मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

रानजाई

कोकणातल्यांसाठी भर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे पत्रे उडून बागांत, विहिरींवर, रस्त्यांवर तुकडे झाले. अशा वेळी कुठलेच टेंडर नसते. ग्रामपंचायतीने निदान एवढे करावे: तुकडे ओले असतानाच मास्क लावून हाताने वेचणे, दुहेरी पिशव्या, गावात एकच ठरलेली झाकलेली जागा. रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून घालायचे नाहीत, गाड्यांखाली दळले जातात. माडाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणूनही नाहीत.

कौलारू

सगळ्यांचे मुद्दे घेऊन सुधारलेले कलम असे करतोय, नजर टाका.

"(क) अ‍ॅस्बेस्टॉस सर्वेक्षण अहवाल (मालकाने दिलेला) टेंडरचा भाग राहील. अहवालात नसलेले संशयास्पद साहित्य आढळल्यास त्या भागातील काम थांबवून २४ तासांत लेखी कळवावे. थांबलेल्या काळासाठी विलंब दंड लागणार नाही. (ख) पत्रे, पाइप व लेप ही कामे यांत्रिक पाडकामापूर्वी पूर्ण करावीत. मालकाच्या प्रतिनिधीची लेखी मंजुरी मिळेपर्यंत जेसीबी किंवा ब्रेकर आवारात आणू नये. (ग) ग्राइंडर, ड्रिल, प्रेशर वॉशर, कोरडा झाडू यांना मनाई. आढळल्यास त्या दिवसाचे काम रद्द. (घ) अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त साहित्य ठेकेदाराच्या मालकीचे होणार नाही. (ङ) विल्हेवाटीचे देयक काटापावती व फॉर्म १० ची निळी प्रत यांवरच. (च) लेपाचे काम स्वतंत्र उपठेकेदाराकडून, हवेच्या तपासणीचा अहवाल मालकाने नेमलेल्या प्रयोगशाळेचा."

सेफ्टीपिन

(क) मधली विलंब दंड न लावण्याची अट उत्तम. ती नसली की संशयित बोर्ड दिसला तरी ठेकेदार गप्प बसतो. (ग) मधले "त्या दिवसाचे काम रद्द" वादात टिकणार नाही, ठरावीक रक्कम लिहा. कामगारांची यादी, कामाच्या तारखा, छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी), हे सगळे मालकाकडेही जमा करून घ्या. ठेकेदाराची फर्म ४० वर्षे असेलच असे नाही.

हिशेबी

(ङ) मध्ये उतरवण्या-गुंडाळण्याच्या बिलातलेही २५ टक्के निळ्या प्रतीपर्यंत रोखून ठेवा. नाहीतर ते बिल घेऊन ठेकेदार निघून जातो आणि अठरा थप्प्या तुमच्या आवारात पडून राहतात. आणि पत्रे मोजून घ्या, उतरवण्याआधी, छपरावरचेच. फोटोसह, ओळीनुसार.

कौलारू

केले. पॅनल रूमच्या बोर्डाचे आणि ऑफिसच्या पार्टिशनचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो आहे, अहवाल आला की इथेच टाकेन. पर्लिन, बोर्ड स्क्रूने लावलेले आहेत. नमुना स्क्रूच्या भोकाजवळून घ्यावा की कडेचा?

पर्लिन

कडेचा. स्क्रूजवळ आधीच भुगा झालेला असतो, तिथे हात लावला की तो सुटतो. आणि मुख्य स्विच बंद करून, कुलूप लावून मग. तिथे पाणी फवारायचे आहे.